पाहुणीची चूल

मी चुली घालायचे. मातीच्या. आता गॅस घरोघर आला, माझे गुडघे गेले, मातीत एकदा बसले की उठवायला माणूस लागतं. म्हणून 'घालायचे' म्हणते. एके काळी औरंगाबादच्या चारी अंगाच्या खेड्यांतून मला बोलावणं यायचं. एका संस्थेनं मला बिनधुराची चूल शिकवली आणि पुढं मीच तिथं बायकांना शिकवायला लागले. शिकवताना माझं तोंड लई फाटकं. माती नीट तुडवली नाय, हात हलका पडला, की सगळ्यांसमोर सोलून काढायचे. बायका माघारी मला काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं. म्हणू दे. चूल तर सरळ यायची.

ह्या कामात मी हौसेनं आले नाही. माझ्या आईचे डोळे धुरानं गेले. माझं माहेर देवगाव रंगारी. आईची सगळी उमर एका कोंदट कोपऱ्यात ओल्या तुराट्या फुंकण्यात गेली. शेवटी डॉक्टरनं ऑपरेशन केलं, पण उशीर झालेला. उजेड कुठला, अंधार कुठला, एवढंच तिला कळायचं. मी लग्न होऊन औरंगाबादच्या कडेला गारखेड्याला आले तेव्हा इथं घरं कमी आणि वावरं जास्त होती. संस्थेची पत्र्याची शेड आमच्या घराच्या मागंच उभी राहिली आणि बिनधुराची चूल शिकवणार म्हणून कळलं, तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यांत पुढं मी जाऊन बसले.

एका वर्षी संस्थेच्या ताई म्हणाल्या, "आफ्रिकेतून तीन बायका येणार आहेत. कांगो देशातून. तुमच्याकडून चूल शिकायला."

मी म्हणलं, "माझ्याकडून? त्यांच्यात चूल घालणारी एक बाई नाय?"

"आहेत ना. पण तीन दगडांची चूल आहे. लाकूड फार जळतं."

दोघी जणी संस्थेच्या खोल्यांत राहिल्या. तिसरीनं ताईंना सांगितलं की मला चूल घरात चालताना बघायची आहे, शेडमध्ये नाही. म्हणून ती माझ्या घरी आली. उंच, रुंद खांद्यांची, माझ्याहून थोडी लहान. डोक्याला रंगीत फडकं घट्ट बांधलेलं आणि कपाळावर, भुवयांच्या जरा वर, एक आडवा दबलेला पट्टा. मला वाटलं फडक्याचा वळ असेल. आम्ही तिला पाहुणीच म्हणायचो, आणि पुढं ती स्वतःसुद्धा छातीवर हात ठेवून "पाहुणी" म्हणायला लागली.

पहिले काही दिवस गल्लीतल्या बायका ऊठसूट यायच्या. कुणाला विरजण पाहिजे, कुणाला चाळणी. तोंडानं विरजण मागायचं आणि डोळे हिच्यावर. एकदा मी अंगणातच ओरडले, "जत्रा भरलीय का इथं? जा घरी, भाकऱ्या करपत असतील!" पाहुणीला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. ती खो खो हसली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

तिला थोडं तोडकं इंग्रजी यायचं, ताईंना चांगलं यायचं, मला मुळीच नाही. ताई नसल्या की आम्ही हातवाऱ्यांवर भागवायचो. मी भाकरी थापताना ती शेजारी येऊन बसायची आणि फुंकणीला हात घालायची. मी काढून घ्यायचे. "पाहुणी हायस तू. बस." ती तवा उचलायला बघायची, मी पाट पुढं सरकवायचे. "बस." आपल्यात घरी आलेल्या माणसाला चुलीला हात लावू देत नाहीत. सासूबाईंनी मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि मी ते कधी मोडलं नाही. पाहुणीला येणारा पहिला मराठी शब्द 'चूल' आणि दुसरा 'बस'.

चतुर्थीला मी तिला साबुदाण्याची खिचडी दिली. ताईंनी सांगितलं की हे ज्या कंदापासून करतात तोच कंद तिच्या गावचं रोजचं पोटभरीचं अन्न. पाहुणीनं एक दाणा चिमटीत धरून उजेडाकडं बघितला आणि तिला हसू आवरेना. इतक्या खटपटीनं त्याचे मोती करायचे आणि उपास म्हणून खायचे! ती ताटलीकडं बोट दाखवून कितीतरी वेळ हसत राहिली.

शेडमध्ये माझ्या जोडीला खालाजान होत्या. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आणि घरात वरातीची घोडी. गावातल्या निम्म्या नवरदेवांना त्या घोडीनं मिरवलेलं. खालाजान धुराड्याचं काम बघायच्या आणि येताना पोत्यात घोडीची लीद आणायच्या. चुलीच्या मातीला लीद लागतेच. तिच्यात बारीक तंतू असतात, ते माती धरून ठेवतात, तडा जाऊ देत नाहीत. मी पाहुणीच्या हातात लिदीचा गोळा दिला आणि ताईंना म्हणलं, "सांगा हिला, घोड्याची हवी."

ताई विचारून म्हणाल्या, "त्यांच्या गावात घोडा नाही."

"मग गाईचं शेण चालेल."

"गाईही नाहीत. तिथं एक माशी चावते, तिच्यानं जनावर जगत नाही."

मी माती तुडवत होते ती थांबले. "गाय नाय, शेण नाय? मग सारवतात कशानं? जगतात कशी माणसं!"

खालाजान म्हणाल्या, "अल्ला जैसा रखे वैसा। तू माटी तुडव।"

पण प्रश्न खरा होता. मी शिकवत होते ती चूल तिच्या गावात होणारच नव्हती. त्या दुपारी चहा पिताना मी ताईंना म्हणलं, हिला विचारा, एवढा समुद्र ओलांडून ही आली कशाला? नुसतं शिकायला कुणी इतकं लांब येत नाय.

तेव्हा तिनं सांगितलं. ताई थांबून थांबून मराठीत सांगत होत्या. तिच्या गावामागं रान आहे. इतकं दाट की भर दुपारी आत शिरलं तर कंदील घ्यावासा वाटतो. पाऊस आला की आधी नुसता वर आवाज होतो, थेंब खाली यायला वेळ लागतो. रानात झरा आहे, सगळं गाव त्याचं पाणी पितं. रानाच्या पलीकडून लाकूडवाल्या कंपनीचा रस्ता आला. त्या रस्त्यानं कोळसेवाले आले. झाडं पाडायची, मातीखाली धुमसत ठेवायची, कोळसा पोत्यांत भरून शहराला धाडायचा. आता ते झऱ्याच्या रानाजवळ आले होते आणि गावाकडं ते रान मागत होते. गावाची बैठक बसली. बाया म्हणाल्या, देऊ नका. तर एक म्हातारा उठला आणि म्हणाला, तुम्हीच रोज मोळ्या आणून जाळता. तुम्ही तोडलं तर चालतं आणि त्यांनी तोडलं तर चालत नाही?

बायांना बोलता आलं नाही. शेवटी गावानं मुदत दिली. पुढचे कोरडे दिवस संपेपर्यंत बायांनी आपलं सरपण निम्म्यावर आणून दाखवावं, मग झऱ्याचं रान राखू. नाही जमलं तर कोळसेवाल्यांना देऊन टाकू. बायांनी हिला निवडून पाठवलं होतं. ती पाच पोरं आईपाशी ठेवून आली होती.

"त्या म्हणतात," ताई म्हणाल्या, "आम्हीच तोडतो, मग त्यांना कोणत्या तोंडानं अडवू?"

माझा चहा तसाच राहिला. पाहुणीनं मला काहीतरी विचारलं आणि ताईंनी मान खाली घालून सांगितलं, "तुमच्या गावचं रान बघायचं म्हणतात."

त्याच रविवारी मी, पाहुणी आणि ताई अशा आम्ही तिघी एसटीनं देवगावला गेलो. माझ्या भावाच्या घरी, ओट्यावर आई बसलेली होती. मी म्हणलं, "आई, लई लांबून पाहुणी आलीय." आईनं हात पुढं केले. डोळे गेल्यापासून ती माणूस हातानं बघायची. तिनं पाहुणीचे तळवे चाचपले, मनगटं, खांदे, मग तोंड. कपाळावरच्या त्या पट्ट्यावर तिची बोटं थांबली.

"हे गं काय? हाडात दबलंय."

पाहुणीनं उठून दाखवलं. पाठीवर मोळी, मोळीला सालीचा पट्टा, पट्टा कपाळावर, आणि पुढं वाकून चालायचं. लहानपणापासून. ताईंना काही सांगावंच लागलं नाही, मी आईला सांगितलं. आईनं डोक्यावरचा पदर मागं सारला, पाहुणीचा हात धरला आणि आपल्या टाळूवर ठेवला. तिथं आईला केस नव्हते. चुंबळ ठेवून मोळ्या वाहून वाहून तिथं केस कधी आलेच नाहीत. मी तिची सख्खी लेक, पण त्या जागेला मी कधी हात लावला नव्हता. ताई डोळे पुसत होत्या.

मग डोंगर बघायला निघालो. गावाच्या वरच्या अंगाला तो आहे. मी वाट दाखवत पुढं चालले आणि पाहुणी सारखी मान वर करून बघत होती, रान कधी येतंय म्हणून. एका चढावर मी थांबले आणि म्हणलं, "हेच."

तिनं इकडं तिकडं बघितलं. मुरूम, गवताची खुटं, इथं तिथं एखादी बाभळ. तिनं परत विचारलं आणि मी परत हात केला. हेच. मग तिनं झरा विचारला. मी तिला वरच्या घळीत नेलं, जिथं पूर्वी झरा वाहायचा. गोटे होते, त्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. तिनं एका गोट्यावर हात ठेवला आणि खाली बसली. कोण आलं होतं, कंपनी का कोळसेवाले, तिनं विचारलं.

ह्याचं उत्तर परत आल्यावर आईनं दिलं. "निजाम गेला, पोलीस ॲक्शन झालं तवा म्या परकरात व्हते," आई म्हणाली. "त्याच्या आधी डोंगर जागीरदाराचा. राखणदार बसलेला. वाळली काटकी उचलली तरी इळा हिसकून घ्यायचा. आमी लई शिव्या द्यायचो त्याला. मग ॲक्शन झालं. जागीरदार गेला, राखणदार गेला. लोक म्हनले, आता डोंगर आपला. समदे कुऱ्हाडी घेऊन गेले. माजा बाप गेला, मंग म्या गेले, मंग ही माज्या मागं पोर असताना गेली. कुनी कंपनी नाय न् कुनी नाय. पोटासाठी आमीच. आपला झाला अन् संपला."

ताईंनी ते सगळं पाहुणीला सांगितलं. सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. मला लाज वाटत होती आणि रागही येत होता, पण राग कुणावर काढावा ते कळेना. आईवर काढू? राखणदारावर? चूल पेटवल्याशिवाय तर कुणाचंच पोट भरलं नव्हतं. पाहुणी आईच्या पायापाशी बसली होती. ती हळू म्हणाली की आमचं अजून आहे.

निघताना एक गोष्ट झाली. घराला लागूनच भावाचं वावर, त्याच्या बांधावर मोठं वारूळ आहे. ते दिसताच पाहुणी धावली. मी काही म्हणायच्या आत तिनं त्याचा एक तुकडा मोडला, थुंकी लावून मळला, दोन बोटांत लांब वळी केली आणि गोल वाकवली. तडा गेला नाही. पाहुणी ओरडली, हसली, परत मोडायला गेली.

"अगं बये!" मी किंचाळले. "वारूळ ते! नागोबाचं घर!"

शेजारच्या वावरातल्या बाया खुरपी टाकून उभ्या राहिल्या. नागपंचमीला आम्ही त्याच वारुळाला दूध-लाह्या घेऊन जायचो. त्या दिवशी आई तवासुद्धा चुलीवर चढवू द्यायची नाही, नागाला चटका बसतो म्हणून. पाहुणी घाबरून हात मागं घेऊन उभी राहिली. ताई म्हणाल्या, तिच्या गावात अशी वारुळं पुष्कळ आहेत, ही माती तिथं मिळते, हिला लिदीची गरज लागणार नाही.

ओट्यावरून आईनं हाक मारली, "काय झालं गं?"

मी जाऊन सांगितलं. आई म्हणाली, "कशापायी पायजे तिला?"

"चुलीपायी. तिचं रान राखायला."

आई उठली. "मला ने तिथं. हळदी-कुंकू घे." मी हाताला धरून तिला बांधावर नेलं. तिनं चाचपत हळदी-कुंकू वाहिलं, हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली, "नागोबा, पाहुणी हाय. तिला ठाऊक नव्हतं. रानासाठी मागतीया, रान तुजं बी हाय. पडकं अंग तेवढं नेतो, राग धरू नगंस." मग आम्हाला म्हणाली, "घ्या. पडकंच घ्या." आम्ही एक पोतं भरलं. एसटीत कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय हाय? मी म्हणलं, माती. तो म्हणाला, औरंगाबादला माती मिळत नाय का? मी म्हणलं, तुमची गाडी चालवा.

त्या मातीत राख आणि बारीक चिरलेलं गवत घालून चूल घातली. झकास झाली. माझी नेहमीची चूल: पुढं जाळाचं तोंड, बाजूला कालवणाची वैल, भाकरीच्या तव्याला बेतशीर बैठक. वाळल्यावर पेटवली, डाळ शिजवली, भाकऱ्या केल्या. सरपण निम्म्याहून कमी लागलं. ताईंनी टाळ्या वाजवल्या. पाहुणीनं मला उचलून फिरवलं, मी ओरडत होते, "ठेव गं, कंबर मोडंल!" तिचे जायचे दिवस जवळ आले होते आणि आम्हाला वाटलं, झालं काम.

मग तिनं हट्ट धरला. जायच्या आधी मी तुम्हा सगळ्यांना माझ्या हातचं करून घालते. मी म्हणलं, नाय. पाहुणीनं रांधायचं आणि मी बसून खायचं? लोक काय म्हणतील? ती हिरमुसली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी परत नाय म्हणलं. शेवटी खालाजान माझ्यावर उखडल्या.

"अगे पकाने दे ना उसको! मेहमान है, बीमार थोडी है। इत्ते दिन से देखरी मैं, चूल्हे के पास बिचारी को बैठने तक नहीं देती तू।"

म्हणून परवानगी दिली. पाहुणीनं मक्याचं पीठ आणि साबुदाण्याचं पीठ एकत्र केलं. आमच्याकडचं सगळ्यांत मोठं पातेलं घेतलं. ढवळायला काहीच तिला पसंत पडेना, मग तिनं धुणं बडवायचं कोरं लाकडी धोपटणं घेतलं, घासून स्वच्छ केलं. आधण आलं, पीठ पडलं. ती उभी राहिली, वाकली आणि दोन्ही हातांनी धोपटणं धरून ढवळायला लागली. सगळं अंग लावून. तिचे खांदे, तिची पाठ, सगळं त्या गोळ्यात. पीठ घट्ट होत गेलं तशी ती जोर वाढवत गेली. पातेलं डुलायला लागलं. मी "अगं अगं" म्हणेपर्यंत पातेलं टेकतं त्यातलं एक थान तुटलं, चुलीचं तोंड फाकलं, वरून खालपर्यंत उभा तडा गेला आणि पातेलं कलंडलं. पीठ जाळात पडलं. अंगणभर धूर झाला.

पाहुणी धोपटणं घेऊन तशीच खाली बसली. मग ती रडली, मोठ्यानं, आमच्याकडं माणूस गेल्यावर रडतात तशी. ताई तिथं नव्हत्या, पण काय म्हणतीय ते मला कळत होतं. गावी गेल्यावर पहिल्याच दिवशी ही चूल बायांसमोर अशीच फुटली असती. म्हातारा हसला असता आणि रान गेलं असतं.

मी तिच्या शेजारी राखेत बसले. आम्ही तिला इतके दिवस डाळ-भाकरी खाऊ घातली, मायेनं घातली. पण ती घरी काय रांधते, उभी राहून का बसून, किती जोर लावते, हे ना मी विचारलं होतं ना खालाजाननी ना ताईंनी. पाहुणचारच करत राहिलो. मी तिचं तोंड पदरानं पुसलं आणि तिच्या हातात ओल्या मातीचा गोळा ठेवला. "आता तू सांग," म्हणलं. "मी करते." शब्द कळले नसतील, पण ती उठली.

तिनं आधी माझी वैल काढून टाकली. मी म्हणलं, वैलीशिवाय चूल? कालवण कशावर ठेवायचं? तिनं हातानं दाखवलं, कालवण नंतर. मग तव्याची बैठक काढली. माझ्या जिवाला लागत होतं, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर घातलेली चूल माझ्यासमोर एकेका अंगानं जात होती. तिनं भिंत दुप्पट जाड केली. पातेलं वर न ठेवता गळ्यापर्यंत आत बसवलं, म्हणजे डुलायला जागाच नाही. चूल बुटकी केली, वरून वाकता यावं म्हणून. दोन्ही बाजूंना मातीचे दोन ओटे ठेवले. ढवळताना त्यावर पाय रोवायचे. जाळाचं तोंड आणि धुराचा मार्ग मात्र माझाच राहिला. तिथं ती चुकली की मी हातावर चापट मारायचे आणि वरच्या कामात मी चुकले की ती मला मारायची. खालाजान बघून म्हणाल्या, "सास-बहू लगरे दोनो।"

चूल गोणपाटाखाली सावलीत वाळवली. पेटवायच्या दिवशी मी हळदी-कुंकू लावलं, दूध ठेवलं आणि उतू जाऊ दिलं. पाहुणी दूध वाया चाललं म्हणून धावली; मी तिला धरून ठेवलं, "जाऊ दे, जाऊ दे." मग तिनं आधण ठेवलं, ओट्यांवर पाय रोवले आणि धोपटणं घेतलं. मी तडा शोधत चुलीभोवती फिरत राहिले. ती थांबली तेव्हा घामानं भिजली होती. चूल जशीच्या तशी. खालाजाननी टाचेनं एक टोला मारून बघितला. तडा नाहीच.

आम्ही तो गोळा वांग्याच्या भाजीबरोबर खाल्ला. चव मला आवडली नाही, खरं सांगते. पण दोनदा घेतला.

ती गेली तेव्हा सामानात धोपटणं घेऊन गेली. रिक्षात बसताना तिनं माझा हात आपल्या कपाळावरच्या पट्ट्यावर ठेवला. मी तिला "सांभाळून जा" म्हणलं. खालाजाननी तिला गुलमंडीतून आणलेलं हिरवं फडकं दिलं होतं, ते तिनं डोक्याला बांधलं होतं.

त्यानंतर काही कळलं नाही. कोरडे दिवस आले, गेले, मुदत संपली असेल. ताईंनी निरोप धाडले, उत्तर आलं नाही. तिकडं दंगेधोपे चालू होते म्हणे. टीव्हीवर कधी आफ्रिकेतलं रान पाडताना दाखवायचे, मोठमोठी खोडं लादलेल्या गाड्या. मी पोरांवर ओरडायचे, बंद करा ते. हळूहळू संस्थेचं काम आटपलं, शेड गेली, तिथं इमारत झाली. खालाजान वारल्या. आईला मी देवगावहून माझ्याकडं आणलं. अंगणात तिची बाज टाकलेली असायची, आता तिला उजेड-अंधारही कळेनासा झाला होता.

एका सकाळी ताई आल्या. केस पिकलेले, हातात मोबाईल, आणि दारातूनच ओरडत होत्या, "लवकर या, लागलाय फोन, लवकर या!"

पडद्यावर पाहुणी होती. म्हातारी झालेली. डोक्यावर हिरवं फडकं, विटलेलं, पण तेच. मला बघून तिनं छातीवर हात ठेवला. "पाहुणी!" मी रडायला लागले, ती हसायला लागली. तिनं फोन फिरवून चुली दाखवल्या. एकीपुढं एक, घराघरापुढं, बुटक्या, जाड, दोन ओट्यांच्या. एक तरुण बाई धोपटण्यासारखंच काहीतरी घेऊन ढवळत होती. मी म्हणलं, "ताई, रान? आधी रान विचारा."

ताईंनी विचारलं. पाहुणी गंभीर झाली. पलीकडचं मोठं रान गेलं, ती म्हणाली. तिकडं गावाचं काही चाललं नाही, डोंगरच्या डोंगर उघडा झाला. त्या डोंगरामागं तिच्या बहिणीचं गाव होतं, ते लोक उठून शहराला गेले. पण झऱ्याचं रान गावानं दिलं नाही. बैठकीत तीच उभी राहिली होती. निम्म्यावर आणलंय, आता बोलू का, असं तिनं त्या म्हाताऱ्याला विचारलं, आणि तो खाली बसला.

एवढं सांगून ती फोन घेऊन चालायला लागली. चालता चालता पडदा काळा झाला. मी म्हणलं, "गेला का हो? बंद पडला?"

ताई म्हणाल्या, "नाही. त्या रानात शिरल्यात."

काहीच दिसत नव्हतं. नुसता आवाज. कुठली तरी पाखरं, वर कुठं तरी वारा, आणि पाणी. पाणी अगदी जवळ वाजत होतं. बाजेवरून आईनं मान वळवली. "काय गं वाजतंय?"

मी फोन नेऊन तिच्या कानाशी धरला. आई ऐकत राहिली. तिचा एक हात हळूहळू वर गेला आणि पदराखाली टाळूवर थांबला.

"वरच्या घळीत हायस का गं तू?" ती म्हणाली. "झरा वाजतोय."

"व्हय आई," मी म्हणलं.

"पाणी हाय अजून."

"व्हय. हाय."

मी फोन काढायला गेले तर आईनं माझं मनगट धरून ठेवलं.